रिकाम्या फायलींमधलं बोलणं

इल्पोच्या निरीक्षण केंद्रात माणूस एकच, तो स्वतः. बाकी सगळी यंत्रं. रात्रभर ती उत्तरेच्या आभाळातली थरथर मोजत, आणि सकाळी इल्पो ते आकडे दक्षिणेला, औलू शहरातल्या जुन्या संगणकावर चढवी. तिथे तुइरे ते उतरवून घेई. आकडे नीट पोचले की ती ‘देवघेव’ नावाच्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल करून ठेवी. आत अक्षर नाही, नुसतं नाव: ‘मिळाले’.

एकदा तिनं नाव दिलं, ‘मिळाले_इथे_पाऊस’. इल्पोनं शेजारी ठेवलं, ‘इथे_रेनडिअर_दारात’. तिथून सुरू झालं ते. काळ्या पडद्यावर ‘टच’ ही आज्ञा लिहायची, पुढे नाव, की झाली रिकामी फाइल. नावात मोकळी जागा सोडली तर यंत्र एकाची दोन नावं धरी, म्हणून शब्द एकमेकांना रेघेनं बांधून ठेवायचे. वर्षानुवर्षं दोघं असेच बोलले, शब्दाचा हात शब्दाच्या हातात देऊन. कामाच्या सभेला दोनदा समोरासमोर भेटले, तर माशाचं सूप थंड होईपर्यंत दोघांनाही काही सुचलं नव्हतं.

‘कॉफी_झाली’ ही तिची रोजची. एका नावाची दुसरी फाइल होत नाही. पुन्हा टच केलं की आहे तिचीच वेळ ताजी होते. त्यामुळे हजारो सकाळींची मिळून ती एकच फाइल होती, आणि तिच्यावर वेळ होती तुइरेच्या कामावरच्या शेवटच्या सकाळची. गेल्या मे महिन्यातली. त्याच दुपारी इल्पोनं धीर करून विचारलं होतं, ‘जूनमध्ये_इकडे_येतेस_का’. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही, दवाखान्यात होती. पानं गळायच्या सुमाराला ती गेली.

एप्रिलात औलूहून सानेल्माचा फोन आला. तिथले संगणक तीच सांभाळायची.

“जुनं यंत्र आज बंद करतेय. तुझे आकडे नेले मी नव्यावर.”

“आणि ‘देवघेव’ नावाचा फोल्डर?”

“त्यात काय आहे? सगळ्या फायली शून्य आकाराच्या. रिकामं काही न्यायचंच नाही असं ठरलंय.”

“मला हव्यात त्या.”

“रिकाम्या?”

“रिकाम्याच.”

“तुम्ही उत्तरेची माणसं म्हणजे ना,” सानेल्मा म्हणाली. “बरं, तूच ने. नेल्यास की तिथलं पुसून टाक नि मला कळव.”

इल्पोनं ‘सीपी’ ही नक्कल करायची आज्ञा लिहिली, जुना पत्ता दिला, नवा दिला. क्षणात काम झालं. त्यानं नवी यादी वरून खाली वाचली. एकही नाव गळलं नव्हतं. मग जुना फोल्डर पुसला आणि कळवून टाकलं.

मग त्याला वाटलं, बोलणं पहिल्यापासून वाचावं. यादी वेळेच्या क्रमानं मागितली. सगळ्या फायलींवर आजची तारीख होती, हेच मिनिट. आणि करणाऱ्याच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत, इल्पो, इल्पो, इल्पो. जणू इतकी वर्षं एकच माणूस स्वतःशी बोलत बसला होता.

त्यानं फोन लावला. “जुनं परत मिळेल?”

“रिकाम्या फायलींची दुसरी प्रत आम्ही ठेवतच नाही रे. का?” मग तिच्या ध्यानात आलं. “सीपीला ‘तारखांसकट जसंच्या तसं ने’ म्हणून सांगितलं नाहीस?”

“विसरलो.”

“तू? नव्या माणसांना हे तूच शिकवायचास.”

“मीच.”

“तुइरेचं होतं का ते?” तिनं विचारलं. त्यानं यादी पुन्हा वर नेली. “कॉफी कर,” सानेल्मा म्हणाली. “कडक कर.”

वेळ सगळ्यांची एकच, म्हणून यादी अक्षरक्रमानं लागली होती; ‘मजा_आली’च्या खाली ‘मांजर_गेली’ येऊन बसलं होतं. कुठलं हसू कुठल्या थट्टेचं, ‘हो’ नेमकं कशाला, काही धड राहिलं नव्हतं. टचला तारीख दिली तर फाइलवर ती तारीख चढते. इल्पो एकेक नाव उचलून आठवू लागला. मांजर गेली ती पहिल्या हिमाला. पाऊस होता तो भर उन्हाळ्यातल्या सणाआधी. नाही आठवलं तिथे अंदाज केला. दुपार सरली, छपरावरचं बर्फ घसरून खाली पडत राहिलं.

शेवटी एकच फाइल उरली, ‘येते’. ही तिची. सभेला येतेस का, असं त्यानं पूर्वी एकदा विचारलं होतं, त्याचं उत्तर. त्याला ते पक्कं आठवत होतं.

तरी त्यानं तारीख टाकली मे महिन्यातली, त्याच्या प्रश्नाच्या दुसऱ्या दिवसाची. यंत्रानं हूं की चूं केलं नाही. यादीत आता प्रश्न होता, आणि त्याच्या लगेच पुढे ‘येते’.

तो कॉफी घेऊन त्या दोन ओळींसमोर बसला. जूनमधली बस आली. तुइरे उतरली, तिच्या हातात कापडी पिशवी होती. दोघं वाटेनं चालत आले, आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. किती बरं वाटत होतं त्याला तसं गप्प चालताना.

कप रिकामा झाल्यावर त्यानं तीच आज्ञा परत वर आणली, साल बदललं, सभेच्या आधीची तारीख घातली, आणि पुन्हा यादी मागितली. ‘येते’ दूर मागे, आपल्या जागी जाऊन बसलं. सगळ्यांच्या शेवटी एकटा प्रश्न राहिला. त्याच्याखाली काहीतरी लिहिलं जायची वाट पाहणारी छोटी पांढरी खूण लुकलुकत होती. इल्पोनं ती बराच वेळ लुकलुकू दिली.