उजेडाची भिंत

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि दुपारच्या गप्प घरात मी दचकलो. मित्रांनो, या स्वयंपाकघरातल्या फळीवर काळ्या पत्र्याचा जुना दिवा दिसतोय ना? तो मीच.

माझा जन्म कारखान्यातला. तोंडावर चार झडपा बसवून मला नाट्यगृहात टांगलं. नटांची तोंडं उजळण्यात माझं तारुण्य गेलं. नवे दिवे आले, तशी माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला एका शिल्पकार बाईने उचललं आणि बाहीने काच पुसत ती म्हणाली, "दगड नको, माती नको, मला तूच हवास."

ती उजेडाची शिल्पं करायची. काळ्या खोलीत बारीक धुकं सोडायचं, मला छताला टांगायचं आणि झडपा मिटत मिटत एवढीशी फट ठेवायची. त्या फटीतून थेट जमिनीपर्यंत भिंत उभी राहायची, नुसत्या उजेडाची! प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आलेल्या एका आजोबांनी तर ती काठीने ठोकून पाहिली.

"अहो आजोबा, उजेड आहे तो!"

"मग एवढा ताठ कशाला उभाय?"

मी नुसता फुगलो होतो. तेवढ्यात बाईची चिमुरडी लेक हात पसरून धावत आत शिरली. तिच्या सावलीने भिंतीला भलंमोठं खिंडार पडलं.

"बाजूला हो आधी! मोडलास ना सगळा उजेड!" बाई ओरडली. पाहुणे हसले. पोर फ्रॉक आवरून मागे मागे सरकत गेली. सावली पाडली मी आणि बोलणी खाल्ली तिने. खाली बघणं हे माझं कामच. पण त्या दिवसापासून मान वर करवत नाही.

घरी लेक खिडकीतून आलेल्या उन्हालाही वळसा घालून चालू लागली. ते पाहून बाईचा चेहरा उतरला. तिने मला फळीवर ठेवलं ते ठेवलंच. मित्रांनो, अंगावर धूळ बसली त्याचं मला काही नाही. आम्हा वस्तूंना जरूर जपा. पण आमच्यापायी कुणाला अंग चोरायला लावू नका.

आज मात्र बाईने खिडकी मिटली, पातेल्यावरचं झाकण काढलं, मला फळीच्या कडेला ओढलं, तोंड खाली वळवलं आणि बटण दाबलं. पातेल्याच्या वाफेत माझी भिंत उभी राहिली. वेडीवाकडी, डुलणारी.

"ये गं राणी, आत ये."

"मोडेल."

"नाही गं मोडत. आईच चुकली तेव्हा."

पोर काठावर थबकली. तिने एक बोट आत घातलं. फरशीवर काळी रेघ उमटली. बोट झटकन मागे घेऊन तिने आईकडे पाहिलं.

"आई, मी किती लहान झाले म्हणजे माझी सावली पडणार नाही?"