जागा उरली तर

ताईच्या शहरात विमानाने दीड तासात पोचता येतं. बसने जायचं तर अख्खी रात्र आणि वर दुसऱ्या दिवसाची दुपार. माझा मुलगा विमानतळावर सामान चढवण्याच्या कामाला आहे, म्हणून मला फुकट पास मिळतो. अट एकच. तिकीट काढलेली माणसं बसल्यावर जागा उरली, तरच.

सकाळी भाचीचा फोन आला. ताईला श्वास पुरत नव्हता, डॉक्टर घशात नळी घालायची म्हणत होते. नळी घातली की झोपेचं औषध देणार, म्हणजे बोलणं बंद. मी पटकन म्हणाले, "तिला सांग, आलेच. दीड तासाचं तर विमान आहे."

पहिलं विमान भरून गेलं. दुसऱ्यात एक जागा उरली, ती एका वैमानिकाच्या सासऱ्याला मिळाली. त्याचा नंबर माझ्या आधी होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, पुढच्याला बघू." मुलगा हातमोजे न काढताच डोकावून गेला.

"तू एवढीशी तर आहेस, बॅगेत घालून चढवतो तुला."

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

दुपारी पुन्हा भाची. "मावशी, कुठे आहेस?"

"इथेच, विमानतळावर. का गं?"

"आई नळी घालू देत नाहीये. डॉक्टरांपुढे हात जोडते. म्हणते, धाकटी येतेय, तिच्याशी बोलते, मग काय करायचं ते करा. सकाळपासून हेच चाललंय. ओठ निळे पडलेत तिचे."

मी इथे खुर्चीवर बसून होते आणि ती तिथे माझ्या शब्दाखातर एकेक श्वास ओढत होती.

"फोन तिच्या कानाला लाव."

आधी नुसती घरघर आली.

"ताई, मला जागा मिळाली नाही."

"मग... पुढच्या..."

"पुढच्याचंही खरं नाही. मी आज येत नाही. बसने निघते, उद्या पोचते. तू नळी घालून घे."

पुन्हा घरघर आली. मग म्हणाली, "भरवशाच्या म्हशीला..."

"टोणगा. हो गं बाई."

"बोलायचं होतं."

"उद्या बोल."

उद्याचं कुणी पाहिलंय, हे तिलाही कळत होतं. तरी "बरं" म्हणाली. लहानपणापासून माझं तिने इतक्या मुकाट्याने कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात मुलगा धावत आला. "आई, संध्याकाळच्या विमानात जागा राहील असं वाटतंय. थांब जरा."

"नक्की?"

तो हातमोजे ओढत बसला.

"मला बसस्टँडवर सोड."

"अगं, मिळाली तर आजच पोचशील."

"आणि नाही मिळाली तर उद्याही इथेच. मी तिला उद्या येते म्हणून सांगितलंय."

बसमध्ये मागच्या चाकावरची जागा मिळाली. बस गावाबाहेरही पडली नव्हती, तोच भाचीने कळवलं की नळी बसली, श्वास नीट चालतोय, आई झोपली.

"झोपायच्या आधी काही म्हणाली का? मला सांगायचं होतं ते?"

"मी विचारलं गं. म्हणाली, तुला नाही, तिलाच सांगेन."

मी फोन मांडीवर ठेवला. बस अजून सिग्नललाच उभी होती.