चमच्याची मान

जपानमधल्या त्सुबामे गावात होन्मा मालकांच्या चमच्यांच्या कारखान्यात रोबोचा हात आला, तेव्हा तोकिए-सानना पॉलिशच्या चाकासमोर बसून अडतीस वर्षं झाली होती. वय बासष्ट. रोबो बसवायला नागोयाहून आलेला इंजिनिअर कुसाका पहिल्याच दिवशी तारा लावलेले हातमोजे घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.

"हे घालून आठवडाभर काम करा. तुमच्या हाताची हालचाल यात उतरेल."

"आणि मग?"

"मग तुम्ही पॅकिंगला. आरामाचं काम."

"आराम मी मागितला होता?" त्यांनी हातमोजे परत सरकवले.

मालक अवघडून मध्ये पडले. "तोकिए-सान, तीन वर्षं जाहिरात देतोय, पॉलिशला माणूस मिळत नाही. उद्या तुम्ही थांबलात तर कारखान्याला कुलूप."

"यंत्र आणू नका असं कुठे म्हटलं मी? मला बाजूला सारू नका, एवढंच."

हातमोज्यांचा नाद सोडून कुसाकाने आपल्या अंदाजाने रोबो चालवला. चमच्याचं पोट आरशासारखं निघालं. पण दांडा पोटाला मिळतो त्या मानेपाशी कुठे ओरखडे, कुठे काळे डाग. दोनशेतले दीडशे फुकट गेले.

"मान जरा जाड करा, मग जमेल," कुसाका म्हणाला. मालक मान डोलवायला लागले.

तोकिए-साननी एक चमचा उचलून मालकांच्या हातात दिला. "या नाजूक मानेसाठी लोक आपला चमचा घेतात. यंत्राला येत नाही म्हणून चमचा बदलायचा? तो रोबो चालवायचा कंट्रोलर द्या इकडे."

"आजी, तरुण पोरांनाही हे शिकायला दोन महिने लागतात."

"आजी मी माझ्या नातवंडांची. इथे मला नाव आहे."

रोज दुपारचा डबा संपला की त्या कंट्रोलर घेऊन बसत. बटणांची नावं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढली. एकदा रोबोने चमचा असा भिरकावला की ट्यूबलाइट फुटली. पॅकिंगच्या बायका हसल्या. तोकिए-साननी काचा झाडल्या आणि त्या पुन्हा कंट्रोलर घेऊन बसल्या. चाकाचा आवाज बसला की दाब जास्त झाला, हे त्यांच्या कानाला ठाऊक होतं. त्या बेताने त्या चमच्याच्या मानेपाशी रोबोचं मनगट सैल करत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात कुसाका न बोलावता शेजारी येऊन बसला आणि अडलेलं समजावू लागला.

चोविसाव्या दिवशी दोनशेतले नऊच चमचे वाया गेले.

"तोकिए-सान," कुसाका वाकून म्हणाला, "हे मला जमलं नसतं."

मालकांचा चेहरा खुलला. "आता तरी जरा निवांत बसा."

"दुसरा रोबो मागवा," त्या म्हणाल्या. "तोही माझ्याच हाताखाली राहील. आणि वाढायचे मोठे डाव मात्र मी स्वतः पॉलिश करणार, त्यांना कोणी हात लावायचा नाही."

एवढं बोलून त्यांनी आपलं चाक सुरू केलं.