मागच्या भिंतीची माती

शाळेच्या मागच्या भिंतीलगतची माती तीन आठवडे उपसणं चाललं होतं. शाळा बांधण्याआधी तिथं म्हणे जुन्या बॅटऱ्या फोडायचा कारखाना होता, आणि त्यातलं शिसं जमिनीत मुरलेलं. कामगार तोंडाला मास्क लावून, धूळ उडू नये म्हणून पाणी मारत, फक्कीनं आखलेला एकेक चौकोन हातभर खोल खणत होते. आज शेवटचा चौकोन झाला. सोमवारी मुलं परत येणार म्हणून मोठ्या बाई खुशीत होत्या.

माळीकाका मात्र खुशीत नव्हते. बावीस वर्षं त्यांनी शाळेची बाग तळहातावरच्या फोडासारखी जपली. अन् त्या भिंतीजवळ पालापाचोळा कुजून माती कशी काळीभोर, भुसभुशीत! दर सुट्टीत घमेली भरभरून त्यांनीच ती नेली होती. वर्गावर्गातल्या कुंड्यांत, फाटकाजवळच्या गुलाबांना, आणि बालवर्गाच्या वाफ्यात, जिथं चिमुरडी पोरं हातानं बिया पेरतात. माती तपासणाऱ्यांच्या नकाशावर लाल खूण होती ती फक्त भिंतीपुरती. आता तोंड उघडावं तर बावीस वर्षांचं नाव मातीत मिळणार. न उघडावं तर? छे, ती तर शुद्ध हरामखोरी झाली!

"मॅडम, जागा साफ झाल्याच्या दाखल्यावर सही करू नका," ते माती तपासायला आलेल्या बाईंना म्हणाले. "ही माती मी शाळाभर वाटलीय."

मोठ्या बाईंचा चेहराच उतरला. "अहो काका, काहीतरीच काय! सोमवार तोंडावर आलाय."

"सोमवार गेला खड्ड्यात!" काका कडाडले. मोठ्या बाईंपुढं त्यांचा आवाज आजवर कधी चढला नव्हता.

तपासणाऱ्या बाईंनी फक्कीची पिशवी त्यांच्या हाती दिली. "कुठं कुठं टाकलीत, तुम्हीच आखा."

मग काय, काकांनी कंबर कसली. कुठली कुंडी, कुठला वाफा, सगळं त्यांना तोंडपाठ. बालवर्गाच्या वाफ्यावर बाईंनी यंत्र टेकवलं, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "इथंही शिसं आहे." काकांनी मास्क चढवला, हातमोजे घातले. गुलाब त्यांनी दुसऱ्या कुणाला उपटू दिले नाहीत. रडू आलं. आलं तर आलं, फावडं काही थांबलं नाही.

चार दिवस हेच चाललं. सोमवारी शाळा उघडली नाही.

"झालं सगळं?" तपासणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलं.

काकांनी फावडं भिंतीला टेकवलं. "एक ठिकाण उरलंय. माझं अंगण. नातीला खेळायला मऊ माती हवी म्हणून गेल्या वर्षी दोन घमेली घरी नेली."

"मुलांचं रक्त तपासावं लागणार आहे, काका," बाई हळूच म्हणाल्या आणि वही उघडली. "यादी करतेय."

"पहिलं नाव तिचं लिहा," काका म्हणाले, आणि फक्कीची पिशवी उचलून घराकडे निघाले.