उरलेले बलक

सयाजीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, त्याला दीड वर्ष झालं होतं. माणूस नशिबाचा, म्हणून काठी टेकत का होईना, पोलादपूरच्या बाजारापर्यंत जाऊन येत होता. महाडच्या डॉक्टर प्रियदर्शिनींनी त्याची विडी सोडवली, मीठ कमी केलं आणि अंड्याचं फक्त पांढरं खायला सांगितलं. त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, हे सगळं इतक्या कडकपणे पाळलं की सयाजी तिच्यामागे तिला हवालदारीण म्हणायचा.

पण अंडी घरच्या कोंबड्यांची. रोज दोन बलक उरायचे, ते टाकवतात होय? राहीबाई ते तिखटमीठ लावून नवऱ्यासमोरच भाकरीबरोबर खायची. दुधावरची साय, मटणाच्या रश्शावरचा तवंग, जे जे सयाजीला बंद ते ते वाया जाऊ नये म्हणून तिच्या पोटात. सयाजी मान फिरवायचा.

एका सकाळी तिच्या हातातून पाण्याचा तांब्या निसटला. ती हसून म्हणाली, "हात वला व्हता."

सयाजी हसला नाही. वारं जायच्या तीन दिवस आधी त्याच्या हातातून कोयता असाच निसटला होता, आणि तोही हेच म्हणाला होता.

"आत्ताच्या आत्ता म्हाडला चल."

"मला काय धाड भरलीय? इड्या तुमी वढल्यात. बायामान्साच्या अंगावरनं वारं जात नाय."

तो पुष्कळ बोलला, रागावला. शेवटी त्यानं पुढ्यातलं ताट सरकवलं. "तू येत नायस तवर मी जेवत नाय."

त्याचा घास न् घास मोजणाऱ्या बाईला हे कुठलं सोसायला? तासाभरात दोघं एसटीत होती.

डॉक्टरांनी तिला तपासलं, दोघांचंही रक्त घेतलं आणि दुपारी कागद समोर ठेवले. सयाजीचं कोलेस्ट्रॉल एकशे सत्तर, राहीबाईचं दोनशे नव्वद.

"कागदांची अदलाबदल झाली असंल, बाई," राहीबाई म्हणाली. "आजारी हे हायत."

डॉक्टरांनी पक्षाघाताच्या रुग्णांची आपली वही उघडली. "हे बघा. पुरुषांच्या नावापुढे जागोजागी विडी-तंबाखू लिहिलंय. बायकांच्या नावापुढे कोलेस्ट्रॉलचे आकडे पुरुषांहून चढे. पाळी गेली की ते वाढायला लागतं, आणि घरात कुणी मोजत नाही. दातांना मशेरी लावता? तीही तंबाखूच."

राहीबाईनं खाली पाहिलं. दीड वर्ष ती या खोलीत नवऱ्याशेजारी बसत होती, पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"तांब्या पडला ती चाहूल होती," डॉक्टर म्हणाल्या. "वेळेत आलात. आता मशेरी बंद, गोळ्या चालू. आणि त्यांचं उरलेलं खायचं नाही."

परतीच्या एसटीत राहीबाईनं गोळ्यांची पुडी पदराच्या टोकाला बांधली. मग हळूच म्हणाली, "मी पडले असते तर तुमचं पथ्य कोनी बघितलं असतं?"

"पथ्याला काय जाळायचंय गो?" सयाजी म्हणाला. "मला तू हवी हायस." भरल्या गाडीत असं बोलून गेल्यावर तो स्वतःच लाजला आणि काठीची मूठ पुसत बसला. पण त्याला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चार अंडी उकडली. डॉक्टरांनी सांगितलेला बोटांचा व्यायाम सयाजीनं कधी धड केला नव्हता. आज मात्र डाव्या अंगठ्यानं तो एकेक टरफल काढत बसला. अर्धा तास गेला. राहीबाईनं मदतीला हात पुढे केला, तर त्यानं तो बाजूला सारला. चारही बलक वाटीत घालून त्यानं ते शेजारच्या ठकूबाईच्या बाळंतीण सुनेकडे पाठवले.

राहीबाईनं पांढऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि नाक मुरडलं. "याला काय चव नाय वो."

"दीड वर्ष ह्येच खातोय मी," सयाजी तिच्या ताटात आणखी एक तुकडा ठेवत म्हणाला. "आज जरा लागली."