पोटावरचं नाव

खेळ असा, की दोन यंत्रं रिंगणात एकमेकांना ढकलतात. जे बाहेर जाईल किंवा उलटेल, ते हरलं. वहिनीच्या धाकट्या दिराने आणि त्याच्या वेल्डर मित्राने नोकरी सांभाळून असं एक यंत्र बनवलं होतं. त्याला सगळे रेडा म्हणत. दोघांच्याही तोंडाला कायमचं कुलूप, त्यामुळे प्रायोजक शोधायचं काम तिच्या गळ्यात पडलं. अकरा दुकानदारांनी वाटेला लावल्यावर तिला एक गादीवाला भेटला. त्याने दुकानामागची खोली कामाला दिली. बदल्यात रेड्याच्या पाठीवर दुकानाचं नाव.

पहिल्याच सामन्यात रेडा उताणा पडला आणि नाव जमिनीला टेकलं. दुसऱ्या दिवशी गादीवाल्याचा फोन आला. तो वेल्डरने घेतला.

"पोटावरही नाव लिहा म्हणतायत," एवढंच त्याने सांगितलं.

लिहिलं. पुढच्या वर्षी रेड्याने तिन्ही सामने मारले, एकदाही उलटला नाही. वहिनी ढाल घेऊन दुकानात गेली, तर गादीवाल्याचं तोंड उतरलेलं.

"महिनाअखेर खोली रिकामी करा."

"अहो काका, आपण जिंकलो!"

"तेच तर! पोट कुणाला दिसलं?"

"पाठीवर होतं ना नाव?"

"पाठीवर दुकानाचं. पोटावर हिचं लिहायला सांगितलं होतं मी." त्याने आतल्या शिलाई मशीनकडे बोट केलं. "गाद्या ती शिवते आणि पाटीवर नाव माझ्या बापाचं. म्हटलं, एकदा तरी हिचं नाव चारचौघांत दिसू दे. तीन तास बसलो, आता उलटेल, मग उलटेल."

सांगावं की गिळावं? शेवटी वहिनीने सांगून टाकलं, "काका, पोटावरही दुकानाचंच लिहिलंय."

मशीन थांबली. काकू दातांतला दोरा काढत बाहेर आल्या.

"माझं नाव? रेड्याच्या पोटावर? मला विचारलंत?"

"तुला बरं वाटेल म्हणून..."

"मी तिथे जीव मुठीत धरून बसले होते, जिंकू दे म्हणून. आणि हे शेजारी बसून हरायची वाट बघत होते!"

वहिनी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. समजूत काढायची ती कुणाची?

"मग खोलीचं?" तिने चाचरत विचारलं.

"रिकामी," गादीवाला म्हणाला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "कापूस माझा असतो तिथे, मी बघेन. आणि काय गं, तो उलटला की आपला आपण उठत का नाही?"

दोन वर्षांत हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. "विचारून सांगते," म्हणत वहिनी निघाली.

घरी तिने सगळं दोनदा सांगितलं.

"म्हणजे आपला प्रायोजक कोण?" दिराने विचारलं.

"आणि पोटावर आता काय लिहू?" वेल्डर म्हणाला.

"मला नका विचारू!"

ती आभाराचं पत्र लिहायला बसली. 'आदरणीय' लिहिलं आणि पेन अडलं. शेवटी तिने दोन पत्रं लिहिली. ती एकाच पाकिटात घालावीत की वेगवेगळ्या, यावर तिघांचं अजून एकमत झालेलं नाही.