फणीचे दोन ठोके

ओझेला मावशीने फणीच्या टोकाने भांग पाडला, त्यावरून तेलाचं बोट फिरवलं आणि दोन्ही गुडघ्यांनी आर्नेटाचे खांदे आवळले. व्हरांड्याची ती पायरी चौतीस वर्षांच्या बाईला बसायला अपुरीच होती. पण उद्या बेटावरच्या चर्चच्या अंगणात सगळं खानदान जमणार, अटलांटा-शिकागोहून गाड्या भरून येणार, आणि यंदा घरातल्या पिढ्यानपिढ्यांच्या बायकांची नावं मावशीऐवजी आर्नेटाने म्हणायची होती. जी नावं म्हणते ती बेट सोडत नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो कोणी मोडल्याचंही ऐकिवात नव्हतं.

"हलू नकोस. लहानपणीही अशीच वळवळायचीस."

"मग आवळतेस किती? मी काय पळून जातेय?"

बोलून गेली आणि आर्नेटाने जीभ चावली. तिच्या खिशात देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या, ओकलंडच्या हॉस्पिटलचं पत्र होतं. नर्सची नोकरी, सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. चार दिवस ते पत्र ती या खिशातून त्या खिशात हलवत होती. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं. आता तिला सोडून जाते म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं?

"म्हण," मावशी म्हणाली.

एका नावाला एक वेणी, असा घरातला रिवाज होता.

"बाइना," आर्नेटाने सुरुवात केली. सव्हानाच्या गुलामांच्या बाजारात विकली गेलेली ती घरातली पहिली बाई. "कँडेस."

मावशीने फणी कठड्यावर आपटली. टक, टक. दरवेळी ती इथेच दोन ठोके मारायची. लहानपणी आर्नेटाला वाटे, नीट बस म्हणून दटावतेय.

"हे ठोके कशाला गं?"

मावशीने वेणीचा पेड ओढला.

"कँडेसला धाकटी बहीण होती. पळाली. घरात तिचं नाव निघालं आणि मालकाच्या कानावर गेलं, तर पुन्हा मागावर कुत्रे सुटायचे. म्हणून बाइनाने, त्यांच्या आईने, नाव घेणंच बंद केलं. तिथे फणी वाजवायची."

"नाव काय होतं तिचं?"

"ते बाइनाबरोबर गेलं. आता कुणालाच ठाऊक नाही."

"पोचली का ती?"

"धरून आणली असती तर नाव घेतलं असतं की."

मावशीचे गुडघे तसेच घट्ट होते आणि तिला आपली मान अवघडल्याचं जाणवलं. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा रागही येत होता.

"मावशी, एक पत्र आलंय."

"ठाऊक आहे. ती टपालवाली वर्ना पत्रं टाकायला येते की बातम्या वाटायला, देव जाणे. जाड पाकीट होतं म्हणाली. नकाराला एवढा कागद कोण घालतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते. चार दिवस मिठाची गुळणी धरून बसलीस."

"मी जाणार असेन तर उद्या नावं कोण म्हणणार?"

"अजून माझं तोंड शाबूत आहे."

एक्याऐंशी वर्षांचं तोंड. तिने खिशातल्या पत्राची घडी मुठीत धरली.

"तू ऐक आता, मी म्हणते." मावशी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. बाइना. कँडेस. दोन ठोके. पेशन्स, मोझेल, ऑलीन, ओझेला. मग आर्नेटाची आई लुरीन.

शेवटची वेणी उरली. ती नेहमी आर्नेटाच्या नावाची असायची. वेणी गुंफून झाली, टोकाला गाठ बसली, आणि आर्नेटा आपल्या नावाची वाट पाहत राहिली.

टक, टक.

मग मावशीने गुडघे सैल केले.